ज्येष्ठमध लावायचा विचार आहे? आधी रानातलं पाणी बघा

फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्याकडे ज्येष्ठमधाचं बेणं लावायचा सीझन, त्यामुळे कुणी बेणं घेऊन दारात आलं तर पैसे मोजायच्या आधी एवढं वाचून घ्या. खोकला झाला की आपण जी काडी चघळतो तिच्या अगदी जवळच्या जातीचं मूळ चीनमध्ये गान्त्साओ म्हणून शेकडो वर्षं वापरतात, कफाच्या काढ्यात तर ते असतंच, कधी मधात परतून घालतात.

हे पीक तिकडे कुठं येतं ते बघा. चीनच्या निंगशिया स्वायत्त प्रदेशातला यानछी भाग, वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर पाऊस, खोल रेताड जमीन, थोडी खारवट असली तरी चालते आणि थंडीत पारा उणे 20 पर्यंत जातो. मूळ पाण्याच्या शोधात खोल खोल जातं म्हणून ते असल्या ठिकाणी तगतं. आता आपलं चिबड काळं रान डोळ्यासमोर आणा, जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस पाणी साचलं की मूळकूज आलीच. माझं स्पष्ट मत आहे की कोकणात आणि भारी काळ्या जमिनीत या भानगडीत पडू नका. कमी पावसाच्या भागात हलकी, निचऱ्याची जमीन असेल तर गुंठा-दोन गुंठ्यात ट्रायल घ्या, एकरभर नको.

तिकडचे शेतकरी बी पेरतात ते एप्रिल-मेमध्ये, पण बियांचं कवच इतकं टणक की पाणीच आत शिरत नाही, म्हणून तांदूळ सडायच्या मशीनमधून बी काढून कवचाला ओरखडे पाडतात आणि मग पेरतात. वर्षभर वाफ्यात वाढवलेली मुळं पुढच्या वसंतात चरात तिरकी नाहीतर आडवी निजवून लावतात, म्हणजे नंतर खणताना ती तुटत नाहीत आणि फार खोलही जावं लागत नाही, ही आयडिया मला फार आवडली. आपल्याकडे बी नको, 10 ते 15 सेंटीमीटरचे, दोन-तीन डोळ्यांचे जमिनीखालच्या खोडाचे तुकडे घ्या, गादीवाफ्यावर 90 बाय 45 सेंटीमीटरवर लावा, फुटवे येईपर्यंत हलकं पाणी द्या आणि पावसाळ्याआधी पाणी निघून जायला चर काढून ठेवा.

बेणं घेताना गुंज गळ्यात पडत नाही ना ते बघा! जिचा पाला विड्यात टाकतो ती गुंज, तिचंही मूळ गोडसर लागतं म्हणून ज्येष्ठमधाच्या नावाखाली ती खपवली जाते. पान हातात घ्या, ज्येष्ठमधाच्या पानाच्या टोकाला एकच सुटी पानोळी (देठावरच्या छोट्या पानांपैकी एक) असते, गुंजेच्या सगळ्या पानोळ्या जोडीजोडीनं असतात आणि तिचा वेल चढतो, ज्येष्ठमध झुडूप म्हणून उभं राहतं. गुंजेचं बी विषारी आहे, लेकरं असलेल्या घरात तर जास्तच सांभाळा.

पैसा लगेच दिसणार नाही, अडीच-तीन वर्षं थांबावंच लागतं. चीनच्या औषधकोशात या मुळात ग्लिसिरायझिक आम्ल, म्हणजे मुळाला गोडी देणारं द्रव्य, किमान 2 टक्के हवं असं लिहिलंय, कोवळं मूळ उपटलं तर तेवढं भरेलच असं नाही. खणायचं ते हिवाळ्यात पानं गळाल्यावर, ओल्या चिखलात कधीच नाही. माती झटकून मुळं पक्की वाळवा, ओलसर पोत्यात भरली की बुरशी धरते. आणि घ्यायला कोण तयार आहे, कुठल्या रेटने, हे लागवडीच्या आधीच दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारा, बेणं विकणाऱ्याच्या तोंडी बायबॅकवर, म्हणजे माल मीच विकत घेईन या बोलीवर, जाऊ नका.

घरात बीपीचा पेशंट असेल तर घरचंच आहे म्हणून रोज काढा देऊ नका, जास्त ज्येष्ठमधानं बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, डॉक्टरला विचारूनच द्या.