इंग्रजी बोलताना अडखळता? नागपूरकरांनो, या चुका टाळा

नागपुरात वाढलेल्या माणसाला दोन भाषा आपसूक येतात. घरात मराठी, आणि ऑटोवाल्याशी, इतवारीतल्या दुकानदाराशी हिंदी. ही हिंदी आपण क्लास लावून शिकलो नाही. 'मेरेको बर्डी जाना है' म्हणत म्हणतच ती जिभेवर बसली. 'मेरेको' चुकीचं आहे म्हणून कोणी तोंड बंद ठेवलं नाही. इंग्रजीची वेळ आली की मात्र आपण आधी बारा काळांचे तक्ते पाठ करू, मग बोलू, असं ठरवतो. तो 'मग' वर्षानुवर्षं येत नाही.

मी संध्याकाळी घरीच बोलण्याच्या इंग्रजीचे वर्ग घेते. नर्सिंगच्या मुली येतात, औषधांच्या दुकानात काम करणारी मुलं येतात, मिहानमधल्या कंपन्यांत मुलाखती देणारे इंजिनिअर येतात. शब्द सगळ्यांकडे भरपूर असतात. अडतं ते दुसरीकडेच.

'यस' म्हणायचं की 'नो'?

माझ्या एका विद्यार्थ्याला मुलाखतीत विचारलं, "यू डोन्ट हॅव एनी प्रॉब्लेम विथ नाईट शिफ्ट्स?" तो लगेच म्हणाला, "यस सर." त्याच्या मनात होतं, 'हो सर, काही अडचण नाही.' समोरच्याने ऐकलं, 'आहे अडचण.' पुढचे दोन्ही प्रश्न ती अडचण कोणती यावरच आले. रात्रपाळीला आनंदाने तयार असलेला मुलगा खुलासे देत बसला. घरी परतल्यावरही नेमकं काय बिघडलं ते त्याला कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या बॅचला सगळ्यात आधी हेच शिकवते.

मराठीत 'हो' म्हणजे 'तुमचं म्हणणं बरोबर आहे.' "अजून जेवली नाहीस ना?" "हो ना, नाही जेवले." हे आपल्याला अगदी सहज वाटतं. इंग्रजीत 'यस' किंवा 'नो' हे प्रश्नाच्या रूपाला नव्हे, तर खऱ्या परिस्थितीला धरून येतं. जेवण झालं नसेल तर प्रश्न कसाही विचारला तरी उत्तर 'नो, आय हॅव्हन्ट.' तेव्हा तुमच्या उत्तरात 'नॉट' येणार असेल तर सुरुवात 'नो'ने करा. आणि नुसतं 'यस' किंवा 'नो' म्हणून थांबू नका, मागे छोटं शेपूट जोडा: 'नो सर, नाईट शिफ्ट्स आर फाइन.' मग एखाद्या वेळी 'यस' निसटलं तरी अर्थ पोहोचतो.

वाक्य अर्ध्यावर तुटतं

'मी काल संध्याकाळी आईसोबत बर्डीला चप्पल घ्यायला गेलो होतो.' मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण आधी काल, संध्याकाळ, आई, चप्पल हे सगळं डोक्यात गोळा करतो. इंग्रजीला क्रियापद कर्त्यापाठोपाठ लागतं. 'आय वेंट' एवढं आधी म्हणून टाका. मग श्वास घ्या, आणि बाकीचे तुकडे एकेक जोडा: 'टू बर्डी', 'विथ माय मदर', 'टू बाय चप्पल्स', 'यस्टर्डे इव्हनिंग'. बहुतेकांचं अडखळणं ही एक सवय लागली की निम्म्यावर येतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आपलं 'करून राहिलो'

'मला समजून नाही राहिलं' हे आपल्याकडचं रोजचं वाक्य. गोड आहे, आणि मराठी बोलताना ते सोडायचं काहीच कारण नाही. पण तेच इंग्रजीत उतरलं की 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' होतं. मग 'आय ॲम नोइंग हिम', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' अशी रांग लागते. इथे एक खूण उपयोगी पडते: ती कृती चालू असताना डोळ्यांना दिसते का? धावणं, लिहिणं, जेवणं दिसतं, तिथे 'इंग' लावा. समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, भाऊ असणं दिसत नाही, तिथे साधं 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'आय नो हिम', 'आय हॅव टू ब्रदर्स' म्हणा. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र चालतं, कारण तिथे जेवण चालू आहे.

तसंच 'तीन वर्षांपासून'चं. 'सिन्स थ्री इयर्स' नाही, 'फॉर थ्री इयर्स'. 'सिन्स'नंतर सुरुवातीचा क्षण येतो, जसं 'सिन्स 2022'.

निघताना आपण 'येते हं' म्हणतो, 'जाते' म्हणणं बरं वाटत नाही. इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' म्हटलं तर समोरचा तुमची वाट बघत बसेल. तिथे 'आय शुड गो नाऊ' किंवा 'सी यू' म्हणा.

उद्धट नसूनही उद्धट वाटणं

याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपली माणसं मुळात नम्र असतात. मराठीत आदर 'द्या'मध्ये, 'जरा'मध्ये, 'ना'मध्ये असतो. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण हे सगळं एकाच 'यू'मध्ये जातं, आणि 'जरा पाणी द्या ना'चं 'गिव्ह मी वॉटर' झालं की तो हुकूम वाटतो. इंग्रजी आपला आदर प्रश्नात ठेवते: 'कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?' ऐकू आलं नाही तर 'व्हॉट?' नको, 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' म्हणा. अशी दहा-पंधरा वाक्यं सुटे शब्द न बघता अख्खीच तोंडपाठ करा.

उच्चारांसाठी परदेशी ढब आणायची गरज नाही. जोर मात्र योग्य जागी हवा. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो, इंग्रजीत एकच अक्षर उचललं जातं. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये 'टो'वर. 'हॉटेल'मध्ये तो 'टेल'वर. हे कानानेच कळतं. जामठ्याला सामना असो की आणखी कुठे, समालोचन इंग्रजीत लावा. काय घडलं ते डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे वाक्याचा अर्थ आपोआप लागतो.

सराव कसा करायचा

आरशासमोर बोलण्यापेक्षा मला हे जास्त फळलेलं दिसतं. दिवसभरातला एखादा खरा प्रसंग घ्या. फुटाळ्याला फिरायला येणाऱ्या मैत्रिणीला तो इंग्रजीत चार मिनिटांत सांगा. मग दुसऱ्या कुणाला तोच तीन मिनिटांत, आणि तिसऱ्यांदा दोन मिनिटांत. गोष्ट तीच असल्याने काय बोलू हा प्रश्न उरत नाही आणि जीभ मोकळी होते. ऐकणाऱ्याने मध्ये एकही चूक काढायची नाही, हा नियम पक्का ठेवा. कुणी ऐकायला नसेल तर मोबाइलवर तिन्ही वेळा रेकॉर्ड करा. शेवटचं ऐकून एकच चूक वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीत तेवढीच सांभाळा.