घरातलं सूक्ष्म प्लास्टिक : आधी गरम पदार्थ सांभाळा

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिककण घरातून पूर्ण हद्दपार होत नाहीत. पण प्लास्टिकला उष्णता लागली की ते जास्त सुटतात, म्हणून सुरुवात तिथून करावी.

टपरीवरच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात अशा कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० कण उतरले. चहा काचेच्या ग्लासात मागा. पार्सल हवं तर किटली न्या. पिशवीत बांधलेला उकळता चहा किंवा सांबार नकोच. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असतं, ते डबा वितळत नाही एवढ्यापुरतं. कण सुटत नाहीत, असा त्याचा अर्थ नाही.

बोअरचं जड पाणी पीत असाल तर त्यातल्या क्षारांचा इथे फायदा होतो. उकळताना कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बनतात आणि प्लास्टिकचे कण त्यांत अडकतात. स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू लागल्यावर ५ मिनिटं तसंच ठेवा, मग न हलवता पूर्ण गार करा. वरचं पाणी कॉफीच्या फिल्टर पेपरमधून किंवा घट्ट विणीच्या चौपदरी सुती फडक्यातून गाळा. तळाचं दोन बोटं पाणी टाकून द्या. नायलॉनची गाळणी वापरली किंवा गरम पाणीच प्लास्टिकच्या बाटलीत भरलं, तर सगळी मेहनत फुकट. २०२४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी केलेल्या चाचणीत लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणता असलेल्या पाण्यातले ९० टक्क्यांपर्यंत कण असे निघाले, मऊ पाण्यातले जेमतेम पाव. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी उरतात, त्यामुळे तिथे हा उपाय फारसा चालत नाही.

चरे पडलेला प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड काढून टाका. लाकडी पाट घ्या, नाहीतर विळी आहेच.

धुळीत कृत्रिम कापडाचे तंतू असतात. कोरड्या झाडूने ते उडतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. फडकं जुन्या सुती साडीचं घ्या, कारण मायक्रोफायबर हे स्वतःच प्लास्टिक. पॉलिएस्टरचे कपडे मशीन भरून, थंड पाण्यात, कमी वेळ धुवा. ‘डेलिकेट’ सायकलमध्ये पाणी जास्त लागतं आणि तंतूही जास्त सुटतात. मशीनमधल्या लिंटच्या जाळीत अडकलेला तंतूंचा गोळा बेसिनमध्ये धुऊ नका; वाळवून कचऱ्यात टाका.