ठिबकची आम्ल प्रक्रिया करताना ओढा आणि शेततळे सांभाळा

पाऊस ओसरला की ठिबकचे संच पुन्हा चालू होतात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, डाळिंबाचा हस्त बहर, रब्बीचा भाजीपाला, सगळ्यांना एकदमच पाणी हवे असते आणि नेमके तेव्हा ड्रिपरमध्ये बसलेले क्षार आडवे येतात. मग आम्ल प्रक्रिया, म्हणजे नळ्यांतून आम्लाचे पाणी सोडून क्षार विरघळवणे, करावी लागते. ती जरूर करा. या सल्ल्यात मात्र आम्ल किती सोडायचे यापेक्षा नळीतून बाहेर पडल्यावर ते जाते कुठे, याबद्दल सांगायचे आहे. कारण याच दिवसांत ओढ्याची धार बारीक होत असते, डोह एकमेकांपासून तुटू लागतात आणि शेततळ्यात सोडलेली कटला-रोहूची बोटुकली वाढीला लागलेली असतात.

आम्लाचे पाणी लहान ओढ्यात शिरले तर काय होते, याचा नीट तपासलेला एक दाखला अमेरिकेत आहे. केंटकी राज्यातल्या नॉक्स काउंटीत ॲकॉर्न फोर्क नावाचा छोटा ओढा आहे. २००७ च्या मे-जूनमध्ये त्याच्या शेजारी नैसर्गिक वायूच्या चार विहिरींवर काम चालू होते. खोल खडकात अडकलेला वायू मोकळा करण्यासाठी विहिरीत प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात. त्या कामात हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले जाते. हे रसायनमिश्रित पाणी साठवणीच्या खड्ड्यांतून उतू गेले आणि ओढ्यात उतरले. ओढ्याचा सामू (पीएच, तो जितका खाली तितके पाणी आम्लधर्मी) ७.५ वरून ५.६ वर आला. विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, २०० मायक्रोसिमेन्सवरून ३५,००० वर गेली. आपल्या पाणी तपासणी अहवालाच्या भाषेत, म्हणजे मिलिसिमेन्समध्ये सांगायचे तर ०.२ चा ईसी (हीच वाहकता) ३५ झाला. ३ च्या वर ईसी असलेले पाणी आपण पिकाला द्यायलाही कचरतो. ओढ्याच्या बऱ्याच मोठ्या भागातले जवळजवळ सगळे जलचर मेले किंवा मरणपंथाला लागले. ब्लॅकसाइड डेस नावाचा बोटाएवढा मासा तिथे राहत होता. कंबरलँड नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या लहान ओढ्यांपुरताच उरलेला असल्याने १९८७ पासून त्याला अमेरिकेत कायद्याचे संरक्षण आहे. तोही या तडाख्यात सापडला.

तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी ओढ्यातले मासे तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माशांच्या कल्ल्यांना इजा झालेली होती. आम्लाच्या आणि जड धातूंच्या माऱ्याने होते तशीच ही इजा होती. आम्ल एकटे मारत नाही, हे यातून समजून घ्यायला हवे. सामू खाली गेला की माती आणि दगडातले लोह व ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात येतात. माशाचे कल्ले नाजूक असतात. श्वास त्यांनीच चालतो आणि रक्तातले मीठही त्यांनीच सांभाळले जाते. आम्लधर्मी पाण्यात हे मीठ कल्ल्यांवाटे झिरपून जाते, आणि वरून ॲल्युमिनियम-लोहाचा बारीक साका कल्ल्यांवर बसतो. मासा बचावासाठी चिकट द्रव सोडतो, त्याच द्रवाने कल्ले लिंपले जातात आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो गुदमरतो. खेकडे, झिंगे आणि शिंपल्यांची कवचे चुन्याची, त्यामुळे त्यांचे आणखी हाल. चतुराच्या अळ्या नि इतर पाणकिडे मेले की वाचलेल्या माशांना खायला काही उरत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या ओढ्याशेजारी वायूची विहीर नाही. पण तेच हायड्रोक्लोरिक आम्ल आपल्या पंपघरात निळ्या कॅनमध्ये ठेवलेले आहे आणि त्याचे कामही तेच, चुना विरघळवणे. प्रमाण कमी आहे हे खरे, पण ओढ्याच्या डोहाचे पाणीही कमीच असते. साधा हिशेब करू. बाजारातल्या ३३ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक लिटर घेतला, तर लिटरला २०० मिलिग्रॅम विम्लता (आम्ल मारणारे क्षार) असलेल्या सुमारे अडीच हजार लिटर पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद तो संपवून टाकतो. शेततळ्यात नुसते पावसाचे पाणी असेल तर विम्लता याच्या चौथाईवरही असू शकते. तेव्हा तोच एक लिटर दहा हजार लिटर पाण्याला पुरतो. त्यापुढे पडणारा प्रत्येक थेंब सामू झपाट्याने खाली ओढतो.

जमिनीप्रमाणे धोका बदलतो. नाशिक, सोलापूर, सांगलीकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आम्ल मातीतच मरते, ही आपली मोठी सोय आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्या जमिनीत चुना जवळजवळ नसतोच, आणि लोह व ॲल्युमिनियम मात्र भरपूर असते. म्हणजे ॲकॉर्न फोर्कमध्ये जे घडले त्याची तयारी तिथल्या जमिनीत आधीच झालेली आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळ सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशाची नवी प्रजाती म्हणून नोंद २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. असे मासे एखाद्या झऱ्यापुरते, एखाद्या ओढ्यापुरते असतात. तिथून गेले तर दुसरीकडून आणून सोडता येत नाहीत. त्यामुळे तळकोकणातल्या केळी, सुपारी आणि काजूच्या बागायतदारांनी पुढचा भाग जास्त काळजीने वाचावा.

आम्ल सोडण्याआधी विहिरीच्या किंवा तळ्याच्या एक लिटर पाण्यात थेंबाथेंबाने आम्ल टाकून सामू चारवर यायला किती लागते ते पीएच कागदावर बघा आणि त्यावरूनच प्रमाण ठरवा. अंदाजाने कॅन ओतणारे दुप्पट-तिप्पट आम्ल वाया घालवतात आणि ते सगळे शेवटी बाहेरच जाते. आम्ल नेहमी पाण्यात टाकावे, आम्लावर पाणी ओतू नये. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. प्लॅस्टिकचे भांडे वापरा.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वीज जाणे. व्हेंचुरीतून (पाण्याच्या ओढीने आम्ल नळीत खेचणाऱ्या जोडातून) आम्ल आत जात असताना मोटार बंद पडली तर मेन लाइनमधले पाणी उलटे फिरून विहिरीत किंवा शेततळ्यात येऊ शकते. पंपापुढे पाणी उलटे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे ना आणि तो खरोखर धरतो ना, हे आम्ल उघडण्याआधी साध्या पाण्यावर तपासा. शेततळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर आम्लाला झेलायला खाली मातीसुद्धा नसते. मासे असलेल्या तळ्यावरून आम्ल प्रक्रिया करायची झाल्यास माणूस व्हेंचुरीपाशी उभा ठेवा आणि लाइट जाताच आम्लाचा कॉक बंद करायला सांगा. वीज येताच मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर त्या दिवशी बंदच ठेवा.

आम्ल नळ्यांमध्ये साधारण दिवसभर ठेवून मग फ्लश करतो आपण. सबमेनचा (मेन लाइनमधून फुटणाऱ्या पाइपचा) फ्लश व्हॉल्व्ह शेताच्या सखल कोपऱ्यात बसवलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी तो कोपरा नाल्याकडेच असतो. म्हणून व्हॉल्व्हला पाइपचा तुकडा जोडून पाणी शेतात मागे वळवा, किंवा व्हॉल्व्हखाली खड्डा घेऊन त्यात चुनखडीचे खडे आणि भुकटी भरा. पाणी खड्ड्यात मुरू द्या, उतू जाऊ देऊ नका. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्यांच्या, टोकाच्या एंड कॅप एकदम सगळ्या न उघडता थोड्याथोड्या उघडा, म्हणजे पाणी वाफ्यातच जिरते. जांभ्या जमिनीत खड्ड्यातल्या पाण्याचा सामू साडेसहाच्या वर आला का, हे पीएच कागदावर पाहिल्याशिवाय खड्डा मोडू नये. आम्ल मारण्यासाठी विरवलेला चुना वापरण्यापेक्षा चुनखडीची भुकटी चांगली. ती सामू आठाच्या आसपास नेऊन थांबते. विरवलेला चुना जास्त पडला तर सामू दहा-बाराच्याही वर चढतो आणि तो माशांना आम्लाइतकाच घातक ठरतो.

शेवाळासाठी ब्लिचिंग पावडरची क्लोरीन प्रक्रिया करणार असाल तर ती वेगळ्या दिवशी करा. आम्ल आणि ब्लिचिंग एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीनचे पाणीही ओढ्यात सोडू नका. माशांना त्याची अगदी सूक्ष्म मात्राही मारते. उघड्या खड्ड्यात एक-दोन दिवस ऊन खाऊ द्या.

कुक्कुटपालन करणाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. शेड धुवायला वापरतात ते ग्लुटारल्डिहाइड आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइड वायूच्या विहिरींतही जंतू मारायला वापरले जाते. जिवाणू मारणारे औषध पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना आणि माशांनाही सोडत नाही. बॅच संपल्यावर शेड धुतल्याचे पाणी शोषखड्ड्यात न्या, नाल्याला तोंड देऊ नका.

एवढे करूनही मासे पृष्ठभागावर येऊन तोंड मारताना दिसले तर आधी वेळ बघा. पहाटे असेल आणि ऊन चढल्यावर थांबले, तर प्राणवायू कमी पडला असावा. भरदुपारी तडफड, कल्ल्यांवर पांढरट चिकट थर, सोबत खेकडे बाहेर येत असतील, तर पाण्यात काहीतरी शिरले आहे असे धरा. आवक बंद करा, ताजे पाणी सोडा, सामू मोजा. तुरटी टाकू नका, कारण तुरटीत ॲल्युमिनियमच असते. स्वच्छ बाटल्यांत तीन नमुने घ्या: वरच्या बाजूचा, घटनेच्या जागेचा आणि खालच्या बाजूचा. प्रत्येकावर वेळ लिहा. मरू घातलेले दोन-तीन मासे बर्फात ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात पोचवा, कारण कल्ले लवकर कुजतात. शेजारच्या कारखान्याचा किंवा टँकरचा संशय असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्या. ते मासे खाऊ नका, विकू नका. पाण्याचा उलगडा होईपर्यंत जनावरे दुसरीकडे पाजा. २००९ मध्ये अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यात वायूच्या विहिरीजवळ कुरणात साचलेले पाणी पिऊन डझनाहून जास्त गायी दगावल्या होत्या.