डोहाळेच लागले नाहीत तर

डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. (गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे, असा बोर्ड माझ्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर अन् वाट्या घरोघर. चालायचंच.) तर त्या दिवशी फुलांचे दागिने घालून बसलेल्या पोरीनं वाट्यांकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, "तुम्हीच उघडा की." सगळ्या हसल्या. लाजली गं, म्हणाल्या. मीही हसले.

मग तिचा हात दिसला. हिरव्या बांगड्या पार कोपराकडे घसरत होत्या. सातव्या महिन्यात बाईचे हात भरतात, बांगड्या रुततात. दुसऱ्या दिवशी तिचं कार्ड काढलं. दोन महिन्यांत वजन एक किलोनं उतरलेलं, आणि त्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : तक्रार नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी सव्वीस वर्षं नर्स होते. आमच्याकडचे तरुण गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात. कुणी कोइमतूरला, कुणी पार केरळात. लग्न झालेली पोर सासू-सासऱ्यांजवळ आणि नवरा फोनवर. गरोदर बाईला गावातलं कुणीही एकच विचारतं, "डोहाळे कसले लागले?" डोहाळे म्हणजे काहीतरी हवंसं वाटणं. मात्र काहीच हवंसं वाटत नसेल, तर ते कुणी विचारत नाही. गरोदरपणातलं नैराश्य तिथंच लपून बसतं.

ते दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की विकसनशील देशांत गरोदरपणी १००तल्या १५-१६ जणींना मानसिक आजार होतो, बहुतेकींना नैराश्यच. बाळंतपणानंतर हा आकडा २०च्या जवळ जातो. माझ्याकडे वर्षाला ऐंशी-नव्वद नावं चढायची. म्हणजे दरसाल बाराएक जणी माझ्यासमोरून रक्तदाब मोजून गेल्या असणार, आणि मी त्यांना लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

तुमच्या घरात, शेजारी कुणी गरोदर असेल, किंवा तुम्ही स्वतःच असाल, तर पुढचं वाचा.

आधी शब्द ओळखायला शिका. "मला नैराश्य आलंय" असं आमच्याकडची बाई म्हणत नाही. ती म्हणते, नको नको वाटतंय. कशात जीव लागत नाही. छातीत धडधडतं, डोकं भणभणतं, हातपाय गळून गेलेत. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, झोप, थकवा हे सगळ्यांनाच असतं, त्यामुळे गोंधळ होतो. मी फरक असा बघते : थकलेल्या बाईला झोप मिळाली की बरं वाटतं. हिला पहाटे तीनला जाग येते आणि दमलेली असूनही डोळा लागत नाही. ओकाऱ्या होणारीला जेवण नको असतं, पण बहिणीचा फोन आला की तोंड फुलतं. हिला फोनही नको. आपण घराला ओझं झालो, आपल्याकडून पोर नीट वाढणार नाही, असं ती बोलते. दिवसातला बहुतेक वेळ असा, तोही सलग दोन आठवडे गेला, तर "होईल नीट" म्हणत थांबू नका.

विचारायचं कसं? एकटीला गाठून. सासू शेजारी बसलेली असताना "बरंय ना गं?" विचारलं, तर उत्तर "बरंय" हेच येणार. मी पुढं पुढं रक्तदाबाचा पट्टा बांधायचे आणि सासूबाईंना कार्डाची झेरॉक्स आणायला पाठवायचे. प्रश्न दोनच. गेल्या महिन्याभरात मन सारखं उदास, खचल्यासारखं होतं का? आणि आधी ज्यात गोडी वाटायची, त्यात आता वाटत नाही असं झालंय का? दोन्हींतल्या एकालाही "हो" आलं, की पुढं नीट तपासायचं. डॉक्टरांकडे एडिनबरो नावाची दहा प्रश्नांची यादी असते, गेल्या सात दिवसांवरची. पाच मिनिटांत होते.

तिसरा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण विचाराच : "जगू नये, मरावं असं मनात येतं का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बाई सुटल्यासारखी रडते. "हो" म्हणाली, तर तिला एकटी सोडायची नाही. फवारणीचं औषध बहुतेकांच्या घरी पडवीत, नाहीतर मोरीच्या वरच्या फळीवर असतं. ते त्याच दिवशी कुलपात, शक्य असेल तर दुसऱ्याच्या घरी. घरातल्या साऱ्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात. आणि १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं थेट दवाखाना. बाळंतपणाला ठरवलेलाच हवा असं नाही.

आता कुणाकडे जास्त लक्ष ठेवायचं ते सांगते. जिला आधी कधी नैराश्य येऊन गेलंय, ती सगळ्यात वर. आई-बहिणीला असेल तरी. मग आधी पोर पोटात गेलेली, किंवा दोन-तीनदा गर्भ पडलेली. वाट्यांवाली पोर यातलीच, आधीची दोन पडलेली. तिला हे तिसरंही राहणार नाही असंच वाटत होतं, म्हणून आशाच धरत नव्हती. आम्ही मात्र तिला फुलांनी मढवत होतो. मग जिला पहिल्या दोन मुली आहेत, आणि आता "यंदा तरी" असं रोज ऐकते ती. नको असताना दिवस गेलेली. अगदी कोवळ्या वयातली. नवरा लांब असलेली, कर्जात बुडालेली. आणि मार खाणारी. या शेवटच्या गोष्टीबद्दल मी वर्षानुवर्षं गप्प राहिले, घरचा मामला म्हणून. दंडावर वळ दिसला तर आता मी सरळ विचारते, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर कागदावर नाही, तोंडपाठ करून देते. कागद घरात सापडतो.

यातलं एकही नसताना आजार होतो, हेही लक्षात ठेवा. "हिला काय कमी आहे?" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरांत जास्त ऐकलं.

तपासण्या करून घ्या, कारण रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं, तरी असंच गळून जायला होतं. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण इथं एक चूक होते, माझीही झाली : रक्त कमी निघालं की सगळ्याचं खापर त्यावर फुटतं. दोन्ही एकदम असू शकतं. गोळ्यांनी रक्त चढलं आणि तोंड तसंच उतरलेलं असेल, तर पुन्हा विचारा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथं हे बोला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. "वेड्यांच्या दवाखान्यात नेताय का" असं सासरे म्हणालेच, तर सांगा, बीपीच्या डॉक्टरसारखाच हा डॉक्टर. जाणं जमत नसेल तर १४४१६, टेलिमानस, म्हणजे मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. काय बोलायचं सुचत नाही म्हणून बायका फोन ठेवतात, एवढंच म्हणा, "मी सहा महिन्यांची गरोदर आहे आणि मला पंधरा दिवस झाले बरं वाटत नाही." पुढचं ते विचारतात.

औषधांचं. आजार हलका असेल तर बोलण्याच्या उपचारानं, घरच्या आधारानं भागतं. जास्त असेल तर गोळ्या लागतात, आणि गरोदरपणात चालतील अशा आहेत. सर्ट्रालीन त्यातली बरीच वापरली जाणारी. आधीपासून गोळ्या चालू असलेल्या पोरी दिवस राहिले की घाबरून एका दिवसात बंद करतात. तसं करू नका, आजार उलटतो. फक्त व्हॅल्प्रोएट ही फिट्सवर आणि मनाच्या काही आजारांवर देतात ती गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाळाला त्याचा धोका मोठा आहे, पण तीही स्वतःच्या मनानं थांबवायची नाही.

घरच्यांनी काय करायचं? उपदेश कमी. "पोटातल्या बाळासाठी तरी हास" हे तर नकोच. तिला त्याचाच अपराध वाटत असतो. पहाटेचं पाणी भरणं दुसऱ्यानं उचला. संध्याकाळी तिच्याबरोबर कुणीतरी मळ्यापर्यंत चाला, बोललं नाही तरी चालेल. नवरा लांब असेल, तर त्यानं रोज ठरल्या वेळेला फोन करावा आणि पहिलाच प्रश्न "जेवलीस का" हा नसावा. माहेरी पाठवताना कार्डासोबत गोळ्यांची चिठ्ठीही द्या. नाहीतर दवाखाना बदलतो आणि उपचार मधेच तुटतो.

बाळंतपण झालं म्हणजे सुटलो, असं धरू नका. गरोदरपणी ज्यांना होतं, त्यांतल्या बऱ्याच जणींना नंतरही राहतं. बाळाची दीड महिन्याची लस असते ना, त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बाळाच्या रडण्याकडे असतं. वाट्यांवाली पोर तेव्हा आली होती, मांडीवर मुलगी. मी आजीकडे बाळ दिलं, थेंब पाजायला सांगितले आणि तिला बाजूला घेऊन तेच दोन प्रश्न पुन्हा विचारले. जरा थांबून म्हणाली, "काल ताई, मला भेळ खावीशी वाटली."