कात्री नंतर द्या

एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागलो आणि कोलाजचा पहिलाच तास हातचा घालवला. सहावीचा वर्ग, 50च्या वर पोरं, वेळ 35 मिनिटं. घोटीव कागद, कात्र्या, फेविकॉल सगळं एकदमच वाटलं. मार्चचं ऊन, म्हणून पंखा जोरात. निम्मे तुकडे वर्गभर उडाले. उरलेले चिकटले, त्यांत दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी. जवळजवळ सगळ्यांचं तेच.

आता पहिले दोन तास कात्री कपाटात. नुसतं फाडायचं. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. हे पोरांना सांगू नका, फाडू द्या. आडव्या फाटलेल्या कडेतनं डोंगर, ढग, बैलाची पाठ आपोआप निघते. चिकटवण्याआधी तुकडे नुसते मांडायला लावा, हलवायला लावा. पंखा अर्थातच बंद.

फेविकॉल महाग पडतो, त्यापेक्षा खळ करा. वाटीभर मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग चारेक वाट्या पाणी घालून मंद आचेवर हलवत राहायचं. आधीच गरम पाणी ओतलंत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. आपल्याकडच्या उन्हात ती दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा. टिकावी म्हणून कुणी मोरचूद घालायला सांगेल. ते विष आहे, पोरांच्या हातात नको. खळ पातळ लावा, नाहीतर कागदाला सुरकुत्या पडतात. चित्र वाळताना वर पुस्तकांचं वजन ठेवा.

कोलाज म्हणजे काय, यावर भाषण देत बसू नका. 1912 साली पिकासोनं वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं, एवढं मी सांगतो. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सर, आज्जीची वाकळ काय वेगळी हाय?" पुढच्या तासाला त्याला वाकळच आणायला लावली. जुन्या लुगड्याशेजारी धोतर का, यावर वर्ग अर्धा तास भांडला. रंगसंगती मला वेगळी शिकवावी लागली नाही.

सामानासाठी लग्नसराईनंतर पत्रिका मागवा. जाड कागद, सोनेरी छपाई, सगळं फुकट. एक पोरगी मोठ्या बहिणीची पत्रिका घेऊन आली, पण फाडायला हात होईना. त्या दिवशी मीच कपाटातनं कात्री काढून दिली. तिनं कडेची सोनेरी पट्टी तेवढी कापली आणि उरलेली पत्रिका वहीत घालून दप्तरात ठेवली.