सिल्व्हरबेल: बहर ओसरल्यावर लगेच करायची कामे

अमेरिकेतल्या जॉर्जिया, कॅरोलिना, टेनेसी भागात राहणाऱ्या आपल्या बागायतदारांसाठी हा सल्ला आहे. अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या ओलसर उतारांवर आणि ओढ्याकाठी वाढणारे सिल्व्हरबेल हे तिथले मूळचे झाड. एप्रिलमध्ये पाने फुटता फुटता पांढऱ्या घंटांचे घोस फांद्यांखाली लोंबतात आणि भुंगे, मधमाश्या त्यावर तुटून पडतात.

छाटणी करायची असेल तर फुले गळताच करा. कळ्या गेल्या वर्षीच्या लाकडावर येतात, त्यामुळे हिवाळ्यात कात्री चालवली तर पुढचा बहर हातचा गेला. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढा. झाडाचा डौल मुळातच चांगला असतो, जास्त छाटू नका.

खरा प्रश्न मातीचा. पिडमाँटची (अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पायथ्याच्या पठारी भागाची) लाल माती पाहून कोकणची आठवण येते, पण ही चिकण आहे, पाणी धरून ठेवते. सिल्व्हरबेलला ओल हवी, साचलेले पाणी नको. म्हणून सखल जागा टाळा आणि खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दोन-तीन पट रुंद घ्या, खोली मात्र गड्ड्याएवढीच ठेवा. मातीचा सामू (pH) 5 ते 6 असला की झाड खुलते. हिरवळीवर चुना टाकायची तिकडे सर्रास पद्धत आहे. चुन्याने सामू चढतो, म्हणून तो या झाडाच्या आळ्यात येऊ देऊ नका. घराच्या सिमेंटच्या पायालगतही लावू नका. पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा दिसला, तर खत देण्याआधी माती तपासून घ्या. सामू चढला की जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही.

जागा सकाळच्या उन्हाची, दुपारच्या सावलीची असावी. उंच ओकच्या आडोशाला, अझेलियाच्या सोबतीने हे झाड फार छान दिसते. पहिले दोन उन्हाळे पाण्याची हयगय नको: पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण 25 मिमी पाणी, एकदाच आणि खोलवर मुरेल असे. पालापाचोळ्याचे 5 ते 8 सेंमी आच्छादन करा, बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका.

मेक्सिकोच्या आखाताजवळच्या उष्ण सखल भागात दोन पंखी फळांची जात निवडा. ती तिथलीच आहे. महाराष्ट्रात मात्र हे झाड आणायच्या भानगडीत पडू नये, त्याला खरा हिवाळा लागतो.

रोपे रोपवाटिकेतूनच घ्या, जंगलातून उपटू नका. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात तर रोप उपटणे हा गुन्हाच आहे. बियांपासून करायची असतील तर धीर हवा: डोंगराळ भागातल्या नेहमीच्या जातीच्या चार पंखी फळातल्या बीला आधी दोन-तीन महिने ऊब आणि मग तितकीच थंडी लागते, त्यामुळे शरदात बाहेर पेरलेले बी बहुधा दुसऱ्या वसंतात उगवते. घाई असेल तर जूनमध्ये कोवळ्या फांद्यांची छाट कलमे लावा. मुळे फुटली तरी पहिला हिवाळा ती हलवू नका.