सह्याद्रीत वाट चुकल्यावर काय खायचं

मे महिन्यात भीमाशंकरहून खांडसकडे उतरताना आम्ही तिघं वाट चुकलो. सॅकमध्ये दोन चिक्क्या आणि अर्धी बाटली पाणी. रात्र झाडाखाली काढली आणि सकाळी करवंदांवर निभावलं. ते करवंदच आहे, हे ओळखता आलं म्हणून.

आधी पाणी. अन्नाशिवाय माणूस काही आठवडे तग धरतो, पाण्याशिवाय तीन दिवसही कठीण. पाणी नसेल तर चिक्कीसुद्धा खाऊ नका, तहान वाढते. ओढा सापडला की काठाला उंबर बघा. खोडालाच घोस लागलेले असतात. लाल, मऊ फळ घ्या, फोडा, आतली चिलटं फुंकरीनं उडवा, उरलेली फळ तळहातावर आपटून झटका आणि मग खा.

करवंदाची जाळी काटेरी असते, काटे जोडीनं येतात. काळं झालेलंच तोडा. देठातून पांढरा चीक येतो, ओठ चिकट होतात, घाबरू नका. ‘चीक निघणारं झाड टाळा’ हा नियम अनोळखी झाडांसाठी चांगला, पण तेवढ्यावर विसंबू नका. करवंद आणि उंबर, दोन्हींना चीक आहे. उलट काजऱ्याच्या झाडाला चीक नाही, फळ छोट्या संत्र्यासारखं देखणं, आणि बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष. धनेश पक्षी ती फळं खातो, म्हणून पाखरानं खाल्लेलं आपल्याला चालतं, हेही मनातून काढून टाका.

पावसाळ्यात फळं कमी, पण ओढ्यात दगडांखाली खेकडे असतात. मागून, पाठीच्या कवचाला धरा, म्हणजे नांग्या पोचत नाहीत. निखाऱ्यावर कवच लालसर होऊन आतलं मांस पांढरं घट्ट होईपर्यंत भाजा. कच्चा खेकडा कितीही भूक लागली तरी नाही, त्यातून फुप्फुसात जंत होतात. विस्तव नसेल तर खेकडा सोडून द्या.

अळंबी तर मुळीच नको. गावातली जाणती माणसंही ती निवडताना दहादा बघतात. शेवळं ही रानभाजी आणि रानकंद यांचंही तसंच, नीट शिजवल्याशिवाय घसा खाजतो, कडू कंदानं तर विषबाधा होते.

पायथ्याच्या गावात मावशी पानाच्या द्रोणात करवंदं विकत बसतात. पुढच्या वेळी द्रोण घेताना विचारा, ‘मावशी, जाळी दाखवता का?’ पान, काटा, चीक, सगळं हातात घेऊन बघा.